रोमन खवल्यांचं चिलखत हाताने कसं बनवावं: पत्र्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

रोमन सैनिकाचं खवल्यांचं चिलखत, म्हणजे लोरिका स्क्वामाटा, दिसायला सोपं वाटतं. पितळेचे छोटे तुकडे, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक. बहुतेक नवखे तुकडे कापायला लगेच बसतात आणि हजारभर खवले झाल्यावर त्यांना कळतं की भोकं चुकीच्या जागी पडली आहेत. हे चिलखत खरं दिसणार की खोटं, चार वर्षं टिकणार की पहिल्याच कवायतीत ओळ सुटणार, हे खवल्याच्या आकारापेक्षा त्याच्या भोकांवर, भोकांच्या कडांवर आणि मागच्या कापडावर ठरतं. म्हणून या लेखात त्याच भागांवर जास्त वेळ घालवला आहे.

इथे दिलेली मापं मध्यम बांध्याच्या माणसासाठी, मांडीच्या सांध्यापर्यंत येणाऱ्या आणि आखूड बाह्या असलेल्या अंगरख्याची आहेत.

## १. आधी एक ठिकाण आणि एक काळ पक्का करा

रोमन सैन्यात खवल्यांचं चिलखत काही शतकं वापरात होतं, त्यामुळे ‘रोमन खवला’ असं एकच माप नाही. वेगवेगळ्या उत्खननांत नखाएवढ्या खवल्यांपासून पाच सेंटिमीटर रुंदीच्या खवल्यांपर्यंत सगळं सापडलं आहे. रीएनॅक्टमेंटच्या, म्हणजे इतिहासातले प्रसंग त्या काळच्या पोशाखात साकारणाऱ्या, गटात तुमचं काम तपासणारा पहिला प्रश्न विचारतो: हे कुठलं, कधीचं, कुणाचं? उत्तर आधी ठरलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

सुरुवातीला आधार घेण्यासारखे पुरावे हे:

- व्हेरोना इथल्या दोन समाधिशिळा, पहिल्या शतकातल्या. एक सेंचुरियन, म्हणजे तुकडीचा नायक, क्विंटस सर्टोरियस फेस्टस याची, दुसरी गरुडध्वज वाहणाऱ्या लुसियस सर्टोरियस फिर्मस याची. दोघंही ११ व्या क्लाउडिया लीजनचे (लीजन म्हणजे रोमन सैन्याची काही हजार सैनिकांची मोठी तुकडी) आणि दोघांच्याही अंगात खवल्यांचं चिलखत. पूर्ण कपड्याचा घाट कसा होता, हे इथे कळतं.
- रोमानियातल्या अदामक्लिसी इथलं रोमन सम्राट त्राजानचं विजयस्मारक, इ. स. १०९. तिथल्या शिल्पपट्टांवर साध्या लीजन सैनिकांच्या अंगावरही खवले आहेत. म्हणजे हा फक्त अधिकाऱ्यांचा पोशाख नव्हता.
- स्कॉटलंडमधलं न्यूस्टेड. जेम्स कर्ल यांनी १९०५ ते १९१० या काळात केलेल्या उत्खननात पितळी खवले मोठ्या संख्येने मिळाले.
- स्कॉटलंडमधलंच कार्पो, तिसऱ्या शतकाची सुरुवात. इथल्या खवल्यांसोबत मागचं लिननचं कापडही टिकून राहिलं, म्हणून शिवणकामासाठी हा सगळ्यांत मोलाचा पुरावा.
- सीरियातलं ड्युरा-युरोपॉस, साधारण इ. स. २५६ च्या वेढ्यातलं. इथे घोड्यांच्या खवलेदार झुली जवळजवळ अख्ख्या मिळाल्या. चिलखत घोड्याचं असलं तरी तार, कापड आणि चामड्याची किनार यांची जोडणी इथे नीट बघता येते.

त्राजानच्या स्तंभावर नखशिखांत खवल्यांत गुंडाळलेले सार्मेशियन घोडेस्वार आहेत. ते बघून नमुना काढू नका. शिल्पकाराने शत्रू वेगळा दिसावा म्हणून तसं घडवलं आहे, आणि तसा अंगाला चिकटलेला पोशाख घालून घोड्यावर बसता येत नाही.

या लेखासाठी पहिल्या शतकाचा शेवट ते दुसऱ्या शतकाची सुरुवात, लवचीक प्रकार, सहा भोकांचा पितळी खवला असं धरलं आहे. दुसऱ्या शतकात चारही बाजूंनी तारेने बांधलेला, जवळजवळ ताठ राहणारा प्रकारही आला. तो सुंदर आहे, पण पहिल्या कामासाठी नको. त्यात मापाची एक चूक पूर्ण पाठीवर पसरते.

गटाकडे द्यायची फाईल: निवडलेल्या सापडीचं, म्हणजे उत्खननात मिळालेल्या वस्तूचं, मोजमापांसह रेखाचित्र, त्याच काळातल्या एखाद्या शिल्पाचं छायाचित्र, तुमच्या खवल्याचं भोकांसह रेखाचित्र, धातूचा प्रकार आणि जाडी, आणि पुढे पायरी ५ मध्ये सांगितलेला नमुना तुकडा. नमुन्यापुरता थोडाच पत्रा आणा, आणि हे सगळं उरलेला पत्रा विकत घ्यायच्या आधी मंजूर करून घ्या.

## २. हिशेब: किती खवले, किती पितळ

आपला खवला २० मिमी रुंद, ३० मिमी उंच, खालची कड अर्धगोल. शेजारचा खवला ४ मिमी चढतो, म्हणून ओळीत प्रत्येक खवला १६ मिमी जागा घेतो. वरची ओळ खालच्या ओळीवर १२ मिमी चढते, म्हणून दोन ओळींत १८ मिमी अंतर.

छातीचा घेर आतल्या जाड कपड्यावरून मोजा, उघड्या अंगावरून नाही. ११० सेंमी घेर धरला तर:

- काखेखालचा भाग, ४५ सेंमी उंच: २५ ओळी, प्रत्येकी ६९ खवले, म्हणजे १७२५
- काखेवरची छाती आणि पाठ: दोन्हीकडे ११ ओळी, प्रत्येकी २४ खवले, म्हणजे ५२८
- दोन बाह्या, १८ सेंमी लांब: प्रत्येकी १० ओळी, २६ खवले, म्हणजे ५२०
- खांद्यावरच्या पट्ट्या: सव्वाशेच्या आसपास

एकूण साधारण २९००. वाया जाणारे आणि पुढच्या दुरुस्तीचे धरून ३२०० बनवा.

पितळ ०.५६ मिमी जाडीचं, म्हणजे २४ गेजचं घ्या. प्रत्येक खवला अडीच ग्रॅमच्या थोडा वर भरतो, २९०० खवल्यांचे साडेसात किलो होतात. तार, कापड, चामडं धरून अंगावर नऊ किलोच्या आसपास येतं. इथे सापळा आहे: २४ गेजचा पत्रा हातात घेतला की फारच पातळ वाटतो आणि माणूस १ मिमीचा उचलतो. मग तेच चिलखत पंधरा किलोच्या घरात जातं आणि दुपारनंतर खांदे बोलायला लागतात. मूळ खवलेही बहुतेक अर्धा ते पाऊण मिमीचेच असतात. ताकद जाडीतून येत नाही. अंगावर बऱ्याच भागात दोन किंवा जास्त थर असतात, त्यातून ती येते.

## ३. सामान

धातू
- पितळी पत्रा, २४ गेज, १० ते ११ किलो. तांबं ७० आणि जस्त ३० या प्रमाणाचा मिळाला तर उत्तम. रोमन पितळात जस्त याहून थोडं कमीच असे, त्यामुळे रंग सोनेरी-तांबूस. ६३-३७ चा पत्रा जास्त पिवळा दिसतो, पण चालतो. ‘हाफ हार्ड’, म्हणजे मध्यम कडक, मागा. अगदी मऊ पत्रा कापताना कडेला मुरडतो.
- पितळी तार, १९ गेज म्हणजे साधारण १ मिमी, मऊ केलेली, ४०० ग्रॅम. लागते पन्नास मीटरपर्यंत.

कापड आणि चामडं
- जाड शुद्ध लिनन, दीड मीटर पन्ह्याचं अडीच मीटर. आपण दोन थर वापरणार आहोत.
- लिननचा दोरा ३०० मीटर, मधमाशांचं मेण, २ मिमी जाडीची लिननची दोरी ५५ मीटर.
- झाडाच्या सालीत कमावलेलं बकरीचं कातडं, १ ते १.२ मिमी, किनारीसाठी एकूण ४ मीटर लांबीच्या पट्ट्या निघतील एवढं.

हत्यारं
- पत्रा कापायची कात्री, सपाट आणि अर्धगोल कानस, दोन बारीक पकडी, व्हर्निअर, लहान हातोडी, पोलादी सपाट ठोकळा
- १.५ मिमी आणि २ मिमीचे पंच
- जाड सुया, आरी, अंगठ्याला चामड्याची टोपी
- डोळ्यांना गॉगल, कानशीने घासताना तोंडाला मास्क, कापताना चामड्याचे हातमोजे

पितळेचा पत्रा वजनावर मिळतो. मुंबईत गुलालवाडीचा धातुबाजार आहे, पुण्यात तांबट आळीत पितळ-तांब्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. तिथल्या कारागिराला नमुन्याचा एक खवला दाखवला तर पत्र्याचा स्वभाव तो तुम्हाला पाच मिनिटांत समजावतो. परदेशात असाल तर धातू विकणाऱ्या दुकानात मिश्रणाचं प्रमाण छापील मिळतं. तिथे ‘सोनेरी रंगाचा पत्रा’ असं मागू नका, नाहीतर मुलामा दिलेलं काहीही हातात पडेल.

लिननची खात्री करायला चार धागे काढून जाळा. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख आली तर धागा वनस्पतीचा आहे. वितळून टणक गोळी झाली तर त्यात पॉलिस्टर आहे. ही परीक्षा सुती आणि लिनन वेगळं करत नाही, तेवढं विक्रेत्याला नीट विचारा. कापड शिवायच्या आधी गरम पाण्यात दोनदा धुवा. नंतर आटलं तर खवल्यांच्या ओळींमध्ये सुरकुत्या पडतात आणि त्या काही केल्या जात नाहीत.

हे घेऊ नका: ॲल्युमिनियम, स्टेनलेस, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. आणि इंटरनेटवर मिळणारे, वर एकच मोठं भोक असलेले पानाच्या आकाराचे खवले, जे कड्यांत ओवून विणतात. ती जोडणी आधुनिक आहे. लांबून सुरेख दिसते, पण रोमन म्हणून कुठलाही जाणकार गट ती घेणार नाही.

## ४. खवला कापणं आणि भोकं पाडणं

पत्र्याच्या २० मिमी रुंद पट्ट्या करून घ्या. शीट मेटलच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये शिअरिंग मशीनवर हे तासाभरात होतं आणि पट्ट्या अगदी सारख्या येतात. कात्रीने पट्ट्या कापायच्या हट्टाने काम जास्त अस्सल होत नाही. त्यात फक्त रुंदी अर्धा-अर्धा मिमीने हलत राहते आणि पुढे तारेची भोकं जुळत नाहीत. पट्टीचे ३० मिमीचे तुकडे करा आणि खालचे दोन कोपरे गोल करा.

भोकांची जागा अशी, सगळी मापं भोकाच्या मध्यापर्यंत:

- बाजूची चार भोकं: दोन्ही कडांपासून २ मिमी आत, वरच्या कडेपासून ६ आणि १० मिमीवर. व्यास १.५ मिमी.
- वरची दोन भोकं: वरच्या कडेपासून ४ मिमी खाली, डाव्या कडेपासून ७ आणि १३ मिमीवर. व्यास २ मिमी.

या मापांमागे कारण आहे. शेजारचा खवला ४ मिमी चढतो आणि भोक कडेपासून २ मिमीवर, म्हणून एकाचं उजवं भोक आणि दुसऱ्याचं डावं भोक नेमकं एकावर एक येतं. वरची ओळ १२ मिमी झाकते, म्हणून १० मिमीवरचं भोकही दिसत नाही. तुम्ही दुसऱ्या मापाचा खवला निवडलात तर हे दोन नियम तसेच ठेवा: बाजूचं भोक चढीच्या निम्म्यावर, आणि सगळी भोकं झाकल्या जाणाऱ्या भागात. अपवाद एकच. तुमच्या सापडीतल्या खवल्यांची भोकं उघडी दिसत असतील तर त्यांचंच अनुकरण करा.

३२०० खवल्यांना सहा भोकं म्हणजे १९,२०० भोकं. एकेक ठोकून हे होतं, पण मनगट जातं. डाय बनवणाऱ्याकडून सहा पंच एकत्र असलेली डाय (साचा) करून घ्या आणि लहान फ्लाय प्रेसवर, म्हणजे हाताने फिरवायच्या दाबयंत्रावर, चालवा: एका फटक्यात सहा भोकं, आणि प्रत्येक खवल्यावर एकाच जागी. डायचा खर्च दोघातिघांनी मिळून केला तर भारी पडत नाही. गटात एकालाच चिलखत हवं असं सहसा नसतं.

हातानेच करायचं असेल तर ३ मिमी पोलादी पट्टीचं साचेवजा फर्मं करा, त्यात खवला घट्ट बसवा आणि बाभळीच्या आडव्या कापलेल्या ठोकळ्यावर किंवा शिशाच्या लादीवर ठोका. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि तोपर्यंत खाणं-पिणं नाही.

ड्रिल मशीन वापरू नका. पातळ पितळेत ड्रिलचं टोक पलीकडे निघताना अडकतं आणि खवला पात्यासारखा गरकन फिरतो. बोटं फाटतात. शिवाय ड्रिलचं भोक फार गुळगुळीत गोल असतं, रोमन भोकं पंचने पाडलेली आहेत.

आता या कामातली सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. पंच ज्या बाजूला बाहेर पडतो तिथे भोकाभोवती धारदार ओठ उभा राहतो. तो तसाच ठेवला तर प्रत्येक पावलागणिक दोरा त्यावर करवतला जातो. पंच नेहमी खवल्याच्या दर्शनी बाजूने मारा, म्हणजे ओठ मागे येतो. मग खवला पोलादी ठोकळ्यावर पालथा ठेवून हातोडीने ओठ बसवा आणि मोठ्या ड्रिलचं टोक हातात धरून भोकात एक वळसा द्या. नखाची कड भोकावरून फिरवून बघा. नख अडकलं तर दोराही अडकणार.

कडांसाठी वीस-पंचवीस खवले भोकांतून तार ओवून एकत्र बांधा, शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरा आणि सगळी गड्डी एकदम कानशीने घासा. वरची कड विसरू नका. ती दिसत नाही, पण शिवणीचा दोरा तिच्यावरून जातो. शेवटी सगळे खवले लाकडाच्या भुशासोबत डब्यात घालून डबा फिरवत ठेवला की उरलेली धार मरते आणि चकाकी येते.

## ५. कल्हई, हवी असेल तर

इंग्लंडमध्ये हॅम हिल इथे मिळालेल्या खवल्यांत एक कथलाचा मुलामा दिलेला, एक साधा अशी पाळी आहे. सोनेरी आणि रुपेरी खवल्यांचा हा पट उन्हात फार देखणा दिसतो, आणि आपल्याकडे याचं तंत्र घराघरांत माहीत आहे. कल्हईवाला नवसागर टाकून, कथील फिरवून भांडं पांढरं करतो, तेच इथे करायचं. फक्त खवला पातळ आहे, त्यामुळे थेट भात्यावर धरला तर वाकडा होतो. लोखंडी तव्यावर एका वेळी पंचवीस-तीस खवले मांडा, दर्शनी बाजू वर, आणि तवा तापवा. कथील २३२ अंशांना वितळतं, त्याहून फार वर जाऊ देऊ नका. नवसागराचा धूर घशाला लागतो, म्हणून हे काम उघड्यावर. बंद गाळ्यात, पंखा लावून सुद्धा नाही.

कल्हई भोकं पाडल्यानंतर केली तर भोकांत कथील साचतं. पंच पुन्हा एकदा हलका मारावा लागतो.

आता नमुना तुकडा. पाच ओळी, प्रत्येकी सहा खवले, खाली दिलेल्या रीतीने तारेने जोडा आणि कापडावर शिवा. तो गुंडाळा, पिळा, एका कोपऱ्याला धरून झटका. कुठे तार टोचते, कुठे दोरा घासतो, हे तीस खवल्यांत कळलं तर उरलेले वाचतात.

## ६. ओळी तारेने जोडणं

तारेचे १५ मिमीचे तुकडे करून चिमट्यासारखे वाकवा, मधली बाजू ४ मिमी. दोन खवले एकमेकांवर चढवा, चिमटा समोरून दोन्ही भोकांत घाला, मागे आलेली टोकं एकमेकांकडे वळवून सपाट दाबा.

तार कडक वाटली तर आधी तापवून मऊ करा. अंधाऱ्या जागी जेमतेम लालसर दिसली की पुरे. त्याहून जास्त तापवलं तर पितळातलं जस्त धूर होऊन उडायला लागतं, आणि तो धूर छातीत गेला की ताप भरतो.

नवखे इथे तार अगदी घट्ट आवळतात. तशी ओळ टेबलावर छान सपाट दिसते आणि अंगावर फळीसारखी उभी राहते. १.५ मिमीच्या भोकात १ मिमीची तार हलली पाहिजे. प्रत्येक ओळ झाली की ती पाण्याच्या मोठ्या बाटलीभोवती गुंडाळून बघा. बाहीची ओळ त्या वळणाला सहज बसली पाहिजे. दुसरीकडे, टोकं सैल किंवा उभी ठेवली तर ती कापडातून आत टोचतात. टोकं सपाट, मधलं वळण सैल.

सगळ्या ओळींत खवला एकाच दिशेने चढवा, उजवा डाव्यावर किंवा डावा उजव्यावर. मध्येच दिशा बदलली की ती ओळ लांबूनही वेगळी दिसते.

## ७. कापडाचा अंगरखा

आतला जाड कपडा आधी तयार हवा. लिननचे दोन थर, मध्ये लोकर, उभी शिवण. याचे प्रत्यक्ष अवशेष फारसे हाती नसल्याने नमुन्यात मोकळीक आहे, तो साधाच ठेवा. त्यावरून जुन्या चादरीचा अंगरखा बेतून बघा.

घाट सरळ ठेवा: पुढचा आणि मागचा भाग, वर जोडलेल्या आखूड बाह्या. डावी बाजू काखेपासून खाली उघडी आणि डावा खांदाही उघडा, म्हणजे घालताना डोकं आणि एक हात आत सरकवता येतो. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला सैनिक करत असाल तर छातीवर नक्षीदार जोडपट्ट्या येतात. त्याआधीच्या काळात त्या लावू नका.

चादरीचा नमुना घालून तीन गोष्टी करा: खुर्चीवर बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या, गुडघ्यावर बसून उठा. बसल्यावर खालची कड मांडीवर आदळत असेल तर दोन ओळी कमी करा. काखेत बोटभर नाही, चांगली पाच-सहा सेंमी जागा खवल्यांशिवाय ठेवा. तिथले खवले कुणालाही वाचवत नाहीत, फक्त दंड सोलतात.

नमुना बरोबर आला की लिननचे दोन थर कापून जोडा आणि त्यावर १८ मिमी अंतराने आडव्या रेषा पेन्सिलने आखा. रेषा अंगावर घालून आरशात तपासा. पाठीवर तिरक्या गेल्या तर खवलेही तिरके जाणार.

## ८. शिवण

खालून वर. पहिली ओळ तळाची, शेवटची गळ्याची. उलट गेलात तर खालची ओळ वरच्या ओळीखाली सरकवून शिवावी लागते, आणि ते होत नाही.

१. ओळीची वरची कड आखलेल्या रेषेवर ठेवा, चार-पाच ठिकाणी कच्चा टाका घाला.
२. लिननची दोरी खवल्यांच्या दर्शनी बाजूने, वरच्या भोकांच्या किंचित वर, ओळभर आडवी ठेवा.
३. मेण लावलेला दुहेरी दोरा मागून भोकातून वर काढा, दोरीवरून न्या, खवल्याच्या वरच्या कडेपलीकडे कापडात घाला. पुढच्या भोकातून पुन्हा वर.
४. दर पाच-सहा खवल्यांनंतर मागे पक्की गाठ. ओळीला एकच अखंड टाका घातला आणि तो तुटला तर अख्खी ओळ लोंबते.

दोरी शोभेसाठी नाही. ओढ तिच्यावर येते आणि दोरा भोकाच्या कडेवर थेट आवळला जात नाही. बरेच जण हा भाग वगळून खवला सरळ कापडावर टाचतात. ते चिलखत पहिला हंगाम काढतं आणि दुसऱ्यात खवले गळायला लागतात.

पुढची ओळ ८ मिमी बाजूला सरकवून सुरू करा, म्हणजे खालच्या दोन खवल्यांचा सांधा वरच्या खवल्याच्या मधोमध झाकला जातो. टाके ओढताना कापड गोळा होऊ देऊ नका. दर तिसऱ्या ओळीनंतर घेर मोजा. प्रत्येक ओळीत दोन मिमी आटले तर वर पोचेपर्यंत अंगरखा बसत नाही.

कमरेच्या एका ओळीला सवयीचा हातही दोन-अडीच तास घेतो. शिवणकामाला शंभर तास सहज धरा आणि कार्यक्रमाची तारीख त्या हिशेबाने ठरवा. घाईत घातलेले टाके नंतर उसवायला दुप्पट वेळ जातो.

खांद्यावर पुढच्या आणि मागच्या ओळी भेटतात तिथे फट राहते. गळ्यापासून बाहीकडे उतरणाऱ्या दोन-तीन आडव्या ओळींची पट्टी वेगळी शिवून त्या फटीवर बसवा.

## ९. किनार आणि बांधणी

गळा, बाह्या, खालची कड आणि उघडी बाजू, सगळीकडे चामड्याची साडेतीन सेंमी रुंद पट्टी दुमडून शिवा. ड्युराच्या झुलींनाही अशी चामड्याची किनार आहे. गळ्याकडची पट्टी खवल्यांच्या कडेपेक्षा थोडी वर आली पाहिजे, नाहीतर मान कापते. गळ्यात रोमन सैनिकाचा लोकरी रुमाल असतोच, तो शोभेचा समजू नका.

उघड्या बाजूला चामड्याच्या वाद्यांच्या पाच जोड्या. पुढच्या भागाचं दोन खवल्यांएवढं कापड मागच्या भागाखाली जाईल असं ठेवा, म्हणजे हालचालीत आतला कपडा उघडा पडत नाही.

## १०. वापर आणि निगा

खवल्यांचा कमकुवतपणा खालून वर येणाऱ्या टोकाला आहे. वरून पडलेला वार घसरतो, खालून आलेलं टोक खवल्याखाली शिरतं. बोथट हत्यारांच्या लढतीतही जोडीदाराला हे आधी सांगून ठेवा आणि खालून भोसकण्याचे डाव वगळा.

कार्यक्रमानंतर चिलखत उलटं करून सावलीत वाळवा. घामाने पितळावर हिरवट थर येतो आणि ओलं लिनन कुजतं. पावसाळ्यात हवेशीर जागी, रुंद लाकडी दांड्यावर सुती कापडाखाली ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही.

चकाकी हवी असेल तर चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावायचा मोह होतो. शिवलेल्या चिलखताला यातलं काहीही लावू नका. आंबट पाणी भोकांतून कापडात उतरून दोरा खातं, पितळाच्या पृष्ठावरचं जस्त विरघळून खवले गुलाबी-तांबूस दिसतात, आणि पावडर खवल्यांखाली साचून पांढऱ्या रेषा उमटतात. कोरड्या मऊ कापडाने पुसा, डाग असेल तिथे तेवढाच खवला बारीक खडूच्या पुडीने घासा.

सोबतच्या पिशवीत पन्नास सुटे खवले, वाकवलेले तारेचे चिमटे, मेण लावलेला दोरा, दोन सुया आणि एक बारीक पकड ठेवा. खवला सुटलेला दिसला की त्याच संध्याकाळी बसवा. एक सुटला की शेजारच्या तारेवर दुप्पट ओढ येते आणि पुढच्या कवायतीत तीन-चार सोबत जातात.